"गाडी चालवतोयस? मग ठेवते"

वाचकांचे प्रश्न, ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या ताईंची उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले, की माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्यांना मी हँड्सफ्रीवरसुद्धा बोलू देत नाही. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. बरीचशी पत्रं रागाची आहेत. चालेल. शेजारच्या सीटवर बसून लोकांना "ब्रेक, ब्रेक!" सांगण्यात माझी हयात गेली, बोलणी खायची सवय आहे. क्लच आणि चढाचे प्रश्न पुढच्या वेळी.

ताई, तुमचं काहीतरी चुकतंय. माझा फोन स्टँडवर असतो, आवाज गाडीच्या स्पीकरवर. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर. मग धोका उरला कुठे? शेजारी बसलेल्या बायकोशी बोलतो, गाणी ऐकतो, तेही बंद करू का?
— एक इंजिनीअर

हातांचा आणि डोळ्यांचा हिशेब तुम्ही चोख मांडलात. डोक्याचा राहिला.

आमच्या सरावाच्या मैदानावर मी एक गोष्ट करायला लावते. रांगेत शंकू मांडलेले असतात, त्यांच्यामधून शिकाऊ माणूस गाडी काढतो. नीट काढतो. दुसऱ्या फेरीला माझा मदतनीस बाहेरून फोन लावतो आणि स्पीकरवरून त्याला सतराचा पाढा उलटा म्हणायला लावतो. हात जागच्या जागी, मान सरळ. मी शेजारी बसून फक्त त्याचे डोळे बघते. पाढा सुरू झाला की सगळ्यात आधी आरसे सुटतात. डावा, उजवा, मधला, तिन्ही. मग नजर समोरच्या काचेत एका जागी खिळते. मग वेग उतरतो, आणि उतरला हे त्याला कळतही नाही. फेरी संपल्यावर मी विचारते, "कडेला लाल बादली ठेवली होती, कुठल्या बाजूला?" तो म्हणतो, बादली? कसली बादली? गंमत म्हणजे बादलीच्या दिशेनं त्याची नजर गेलेली मी स्वतः पाहिलेली असते.

हे झालं माझं मैदानावरचं शास्त्र. प्रयोगशाळेतलंही वेगळं काही सांगत नाही. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर, नजर टिपणारं उपकरण लावलं. रस्त्याकडेच्या ज्या फलकांवर चालकाची नजर पडली होती, नेमके तेच नंतर दाखवले. हँड्सफ्रीवर बोलत चालवणाऱ्यांना त्यातले बरेच कमी ओळखता आले. २००३ सालचं हे काम. डोळे बघत होते, पण बघितलेलं आत पोचत नव्हतं. रस्त्यात अचानक आलेलं मूलही अशाच डोळ्यांपुढे येतं.

याच मंडळींचा २००६ सालचा प्रयोग जास्त गाजला. चाळीस जणांना सिम्युलेटरवर बसवलं. एकदा साधं चालवायला दिलं, एकदा फोनवर बोलत, आणि एकदा रक्तात ०.०८ टक्के अल्कोहोल होईल इतकी दारू पाजून. फोनवर बोलणारे ब्रेक उशिरा दाबत होते आणि हळू झालेली गाडी पुन्हा वेगात आणायला जास्त वेळ लावत होते. हातातला फोन आणि हँड्सफ्री यांत फरक सापडला नाही. सबंध प्रयोगात तीन धडका झाल्या, तिन्ही फोनवर बोलताना. प्यायलेल्यांची एकही नाही. (लगेच कोणी बाटली उघडू नका. पिऊन चालवणारे पुढच्या गाडीच्या अंगावर जात होते आणि ब्रेक करकचून दाबत होते. रस्त्यावर त्याचं काय होतं ते सांगायला नको.)

सिम्युलेटरवर भरवसा नसेल तर खरे अपघात घ्या. टोरांटोत १९९७ साली रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी अपघाताच्या वेळेशी लावून पाहिल्या. फोन चालू असताना धडकेचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हँड्सफ्रीवाल्यांना त्यात काही सूट मिळालेली दिसली नाही. २००५ साली ऑस्ट्रेलियात पर्थ इथे, अपघातात जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या चालकांचा असाच अभ्यास झाला. तिथेही चौपटच.

तुम्ही इंजिनीअर आहात, म्हणून आणखी एक. कार्नेगी मेलन विद्यापीठानं २००८ मध्ये माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून आभासी रस्त्यावर गाडी चालवायला दिली. कानात वाक्यं ऐकवायची आणि ती खरी की खोटी एवढंच ठरवायचं. बोलायचंसुद्धा नाही. तेवढ्यानं मेंदूच्या ज्या भागात जागेचा, अंतराचा अंदाज घेतला जातो, तिथली गाडी चालवण्याशी निगडित हालचाल ३७ टक्क्यांनी घटली. नुसतं ऐकून!

आता तुमच्या बायकोचा मुद्दा. तो मला आवडला, कारण बहुतेक जण तिथेच मला अडवतात. तुम्ही बोलत असता आणि समोरून एखादी गाडी आडवी घुसते. शेजारी बसलेली बाई काय करते? गप्प होते. "अहो, बघा" म्हणते. पाय नकळत खाली दाबते, जणू तिच्याकडेही ब्रेक आहे. रस्ता मोकळा झाला की गोष्ट पुढे सुरू. फोनवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. तो तुमच्या पुढच्या ट्रकच्या ब्रेकलाइट पेटल्या असतानाच विचारतो, "मग काय ठरवलंस?" आणि उत्तराची वाट बघतो. यूटातच २००८ मध्ये हेही तपासलं. चालकाला पुढे एका थांब्यापाशी महामार्ग सोडून बाहेर पडायचं होतं. शेजाऱ्याशी गप्पा मारणारे बहुतेक बरोबर बाहेर पडले. फोनवर बोलणाऱ्यांतले निम्मे सरळ पुढे निघून गेले.

गाणी ऐका. गाणं तुम्हाला प्रश्न विचारत नाही, उत्तर नाही दिलं तर रागावत नाही. मात्र पुढचं गाणं शोधायला पडद्यावर बोट फिरवायला लागलात, की तो मेसेज टाइप करण्याचाच प्रकार झाला.

मी मालवाहू ट्रक चालवतो. रात्री रस्ता सरळ, समोर काही नाही, डोळे मिटायला लागतात. हँड्सफ्रीवर मित्राशी बोललो की जाग राहते. तुम्ही म्हणता तेही बंद. मग झोपून मरू का?

दादा, आलेल्या पत्रांत तुमचं सगळ्यात खरं. आणि तुमच्या बाजूनं पुरावाही आहे, तो लपवत नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेनं खऱ्या ट्रकांच्या केबिनमध्ये कॅमेरे लावले आणि चालक काय करतात ते टिपलं. २००९ मध्ये निष्कर्ष आले. हँड्सफ्रीवर नुसतं बोलत असताना धोका वाढलेला त्यांना दिसला नाही. कंटाळवाण्या रस्त्यावर गप्पांमुळे माणूस जागा राहत असेल, अशी एक शक्यता त्यावर मांडली गेली. म्हणजे वर इंजिनीअर साहेबांना मी जे सांगितलं, त्यावर सगळ्या अभ्यासकांचं एकमत आहे असं नाही.

पण त्याच कॅमेऱ्यांनी दुसरंही टिपलं. नंबर लावताना धोका जवळजवळ सहापट. मेसेज करताना तेवीसपट. मेसेज करणाऱ्यांची नजर सहा सेकंदांपैकी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हतीच. ताशी ८० किलोमीटरनं ४.६ सेकंदांत तुमचा ट्रक शंभर मीटरच्या वर जातो, आणि माल भरलेल्या ट्रकला थांबायला किती जागा लागते ते मी तुम्हाला शिकवायला नको. आता तुमचा मित्र काही आपोआप स्पीकरवर येत नाही. त्याला शोधावं लागतं, लावावं लागतं, लाइन तुटली की परत लावावं लागतं.

आणि झोपेचं म्हणाल, तर गप्पांनी ती जात नाही, थोडी लांबते. मित्रानं फोन ठेवला की दुप्पट जोरानं येते. पापणी जड झाली, लेनची पट्टी चाकाखाली यायला लागली, मागचा एखादा किलोमीटर कसा गेला ते आठवेना, की गाडी सुरक्षित जागी उभी करायची आणि पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे. उठल्यावर लगेच चावी फिरवू नका, खाली उतरून दोन फेऱ्या मारा. वेळेवर पोचायचा तगादा लावणारे मालक असतात, मला माहीत आहे. पण त्यांना उशिराचा फोन गाडी उभी असतानाच करता येईल.

मी इतकी वर्षं फोनवर बोलत गाडी चालवतोय. एक ओरखडा नाही. काही लोकांना जमतं, हे मान्य करा.

मान्य. २०१० मध्ये २०० जणांना गाडी चालवता चालवता फोनवर गणितं आणि शब्द लक्षात ठेवायला लावले. अडीच टक्के लोकांच्या चालवण्यात काही फरक पडला नाही. म्हणजे दोनशेत पाच. तुम्ही त्या पाचांत असालही. फक्त २०१३ चा दुसरा अभ्यास आधी वाचा: एका वेळी अनेक कामं करण्याची, गाडीत फोन वापरण्याचीही, ज्यांना जास्त हौस होती, तेच प्रत्यक्ष चाचणीत मागे पडले. आणि बहुतेकांना आपण सरासरीपेक्षा वरचे आहोत असंच वाटत होतं.

ओरखडा का नाही, याचं माझं उत्तर वेगळं आहे. तुम्ही बोलत असता तेव्हा तुमच्या मागचा ब्रेक दाबतो, बाजूचा जागा देतो, रस्ता ओलांडणारी बाई दोन पावलं मागे सरते. त्यांचा हिशेब तुमच्यापर्यंत येत नाही. एकदा शेजारच्या सीटवर कोणाला तरी बसवा आणि तुम्ही फोनवर असताना तुम्हाला किती हॉर्न बसले ते मोजायला सांगा.

सिग्नल लाल असताना फोन बघितला तर काय बिघडतं? गाडी तर उभीच असते.

तुमच्यामागच्या रांगेला विचारा. हिरवा होऊन गेलेला असतो आणि तुम्ही खाली बघून हसत असता.

खरा धोका हिरव्यानंतरचा आहे. यूटाच्या चमूनं २०१५ मध्ये गाडीतल्या, तोंडी हुकूम घेणाऱ्या यंत्रणांची चाचणी घेतली. काम संपल्यावरही डोकं पूर्णपणे रस्त्यावर परतायला २७ सेकंदांपर्यंत लागत होते. म्हणजे फोन तुम्ही खाली ठेवलात, गाडी सोडलीत, चौक ओलांडलात, आणि अजून तुम्ही त्या मेसेजमध्येच आहात. शिवाय चौक ही पायी चालणाऱ्यांची जागा. तिथेच सगळ्यात जास्त जागं असायला हवं. ब्रिटनमध्ये सिग्नलला उभ्या गाडीत फोन हातात घेणं गुन्हाच आहे, आणि मार्च २०२२ पासून फोटो काढणं, गाण्यांची यादी चाळणं हेही त्यात स्पष्टपणे घेतलंय. मला तो नियम शहाणपणाचा वाटतो.

मी दुचाकीवरून घरपोच सामान पोचवतो. ऑर्डर फोनवर येते, पत्ता फोनवर, ग्राहकाचा कॉल फोनवर. ऑर्डर काही सेकंदांत स्वीकारली नाही तर ती जाते. तुमचा सल्ला मला कसा परवडणार?

माझा सल्ला तुम्हाला परवडावा यासाठी बदल आधी ॲप बनवणाऱ्यांनी करायला हवा. चालत्या दुचाकीवरच्या माणसासमोर उलटी मोजणी लावायची आणि अपघात झाला की "चालकानं फोन बघायला नको होता" म्हणायचं, हे मला मुळीच मान्य नाही. गाडी चालू आहे की उभी, हे त्याच फोनला ठाऊक असतं. चालू असताना मोजणी थांबवून ठेवणं अवघड नाही. तुमच्या संघटनेनं हा एक मुद्दा धरून बसावं असं मला वाटतं.

तोवर तुमच्या हातात काय? फोन खिशात किंवा मांडीवर नको, हँडलवरच्या घट्ट स्टँडवर हवा, पण वेगाचा काटा झाकणार नाही असा. (इंजिनाच्या हादऱ्यांनी फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलनंच २०२१ मध्ये सांगितलंय. हादरे शोषणारा स्टँड घ्या.) निघण्याआधी उभ्यानंच सगळा रस्ता एकदा बघा: पहिलं मोठं वळण कुठे, शेवटची गल्ली कोणती. मग आवाजावर चाला. चुकलात तर चुकलात, पुढे जाऊन वळा. चुकलेलं वळण पडद्यावर शोधत असतानाच दुचाकीवाले पडतात. दुचाकी सरळ चालते ती तुम्ही हँडलला सतत बारीक बारीक सांभाळत असता म्हणून, आणि एक हात सुटला की ते सांभाळणं अर्धं होतं. ताशी ४० किलोमीटरला दोन सेकंद खाली बघितलं, तर बावीस मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. त्या बावीस मीटरमध्ये एक खड्डा पुरे.

ग्राहकाचा कॉल आला तर वाजू द्या. कडेला घेतल्यावर तुम्ही करा. "गाडीवर होतो" म्हटलेलं बहुतेकांना समजतं, आणि ज्यांना समजत नाही ते उचलूनही रागावतातच.

हेल्मेटमध्ये फोन खोचून बोललेलं चालतं का? हात तर मोकळे राहतात.

नाही. फोन शिरण्याइतकी फट असेल तर ते हेल्मेट तुमच्या मापाचं नाही. आणि पडलात तर कानशिलाशी एक काचेचा तुकडा तुम्ही स्वतःच ठेवलेला असेल. मान वाकडी राहते ती वेगळीच, त्या बाजूचा आरसा दिसत नाही.

माझा मुलगा रोज गाडीनं बराच लांब कामाला जातो. निघाला की मी तासाभरानं फोन करते. उचलला की जिवात जीव येतो. नाही उचलला तर परत परत करते, काळजी वाटते हो. तो म्हणतो, "आई, करू नकोस." यात माझं काय चुकलं?
— एक आई

ताई, तुमचं पत्र मी मुद्दाम मोठ्या उत्तरासाठी राखून ठेवलं. एवढ्या पत्रांमध्ये फोन करणाऱ्यांची अगदी थोडी. बहुतेक फोन घेणाऱ्यांची. कायदा, दंड, पोलीस, माझ्यासारखे शिकवणारे, सगळे चालकाच्या मागे लागतात. फोन दोघांमध्ये होतो, आणि दुसरा माणूस घरात खुर्चीवर निवांत बसलेला असतो.

तुम्ही पहिला फोन केलात, त्यानं उचलला नाही. त्याला कळलं, आई आहे. दुसरा आला. आता तो विचार करतो, घरी काही झालं का? बाबांना बरं नाही का? तिसऱ्या फोनला त्याचा हात स्टँडकडे जातोच. काळजी तुम्हाला होती ती आता त्याला लागली, आणि तो ताशी ६० किलोमीटरनं चाललाय. त्या वेगात पाच सेकंद फोनकडे गेले तर गाडी ८३ मीटर जाते. एरवी जागा असलेला चालकसुद्धा धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत पंचवीसेक मीटर पुढे गेलेला असतो, आणि तिथून गाडी उभी राहायला आणखी वीसेक मीटर. तुमच्या तीन फोनांनी ते अंतर कुठल्या कुठे नेलं.

न्यू जर्सी राज्यात एक खटला झाला होता. मेसेज बघणाऱ्या तरुण चालकाच्या गाडीनं मोटारसायकलवरच्या नवरा-बायकोला उडवलं. दोघांचे पाय गेले. त्यांनी मेसेज पाठवणाऱ्या मैत्रिणीवरही दावा लावला. २०१३ मध्ये अपील न्यायालयानं त्या मुलीला जबाबदार धरलं नाही, कारण तो गाडी चालवत असताना मेसेज वाचेल हे तिला ठाऊक होतं असं सिद्ध झालं नाही. पण न्यायालयानं हेही म्हटलं, की समोरचा गाडी चालवत आहे आणि आपला मेसेज तो तेव्हाच वाचेल, हे ठाऊक असूनही पाठवणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते. तो तिथल्या कायद्याचा निकाल आहे, इथे लावत नाही. तुम्ही गुन्हेगार आहात असंही मला म्हणायचं नाही. पण हा दुसऱ्या टोकाचा विचार न्यायालयानं केला, तो आपण घरात करत नाही.

तुमचं चुकलं म्हणाल तर वेळेत चुकलं, मायेत नाही. मुलाशी आज रात्री बसून ठरवा. निघताना त्यानं "निघालो" एवढा एक मेसेज करायचा, गाडी सुरू करण्याआधी. पोचल्यावर "पोचलो", गाडी बंद केल्यावर. मधल्या वेळात फोन नाही. फारच वाटलं तर त्याच्या फोनवरून तुम्हाला तो कुठे आहे ते दिसेल अशी सोय करून घ्या. नकाशावरचा ठिपका पुढे सरकताना दिसला तर पुष्कळांचं समाधान होतं. (काहींची काळजी उलट वाढते. ठिपका दोन मिनिटं थांबला की फोन लावतात. तुम्ही त्यातल्या असाल तर ही सोय नको.) त्याच्या फोनमध्ये गाडी चालवताना सूचना बंद ठेवणारी सेटिंग असते. आयफोनवर ती २०१७ पासून आहे, इतर बहुतेक फोनांवरही मिळते. फोन करणाऱ्याला "गाडी चालवतोय, पोचल्यावर करतो" असा मेसेज आपोआप पाठवता येतो. त्यात तुमच्या नंबरला सवलत देऊ नका म्हणावं.

आणि चुकून लागलाच, त्यानं उचललाच, तर तुमचं पहिलं वाक्य "कुठे आहेस?" नको. "गाडी चालवतोयस?" हे हवं. तो "हो" म्हणाला, की "मग ठेवते", आणि खरंच ठेवायचा. "बरं ऐक, एकच सांगते" असं म्हणून पाच मिनिटं नाही. माझ्या घरी हे इतकं मुरलंय, की मी उभ्या गाडीतून बोलत असले तरी धाकटी मागून इंडिकेटरची टिकटिक ऐकून फोन कापते. माझी वाक्यं अर्धी राहतात. चालतं.

माझ्या हाताखाली फिरतीवर विक्री करणारी मुलं आहेत. ती सतत गाडीवर असतात. त्यांच्याशी बोलायचंच नाही म्हटलं तर काम कसं चालणार?

साहेब, काम उशिरानं चालेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं डिसेंबर २०११ मध्ये सगळ्या राज्यांना शिफारस केली होती, की चालकांना हँड्सफ्रीसकट सगळी फोनाफोनी बंद करा. त्याच मंडळानं त्याआधी एका रेल्वे अपघाताची चौकशी केली होती. २००८ साली लॉस एंजेलिसजवळ लोकल गाडीच्या चालकानं मेसेज करताना लाल सिग्नल ओलांडला आणि गाडी समोरून येणाऱ्या मालगाडीवर गेली. पंचवीस माणसं गेली. शेवटचा मेसेज धडकेच्या बावीस सेकंद आधीचा होता.

तुमच्या मुलांना लेखी कळवा: गाडी चालू असताना माझाही फोन उचलायचा नाही, न उचलल्याबद्दल कोणी विचारणार नाही. तोंडी सांगितलेलं उपयोगाचं नाही, महिनाअखेरीला ते विसरलं जातं. आणि मग खरोखरच विचारू नका. एकदा "कुठे होतास रे, तीन वेळा फोन केला" असं म्हणालात, की ते पत्र फुकट गेलं.

मी कामावरून भाड्याच्या गाडीनं परतते, मागच्या सीटवर, एकटी. चालक फोनवर व्हिडिओ बघत चालवतात. बोलायची भीती वाटते. काय करावं?

भीती वाटते हे बरोबरच आहे, त्याची लाज नको. त्याची चूक काढू नका, स्वतःचं कारण सांगा: "दादा, मला गाडीत मळमळतं, जरा सावकाश घ्या, आणि ते बंद कराल का?" बहुतेक जण बंद करतात. बऱ्याचदा नकाशाच्या बाजूला व्हिडिओ लावलेला असतो आणि आपल्याला दिसतोय हे त्यांच्या लक्षातही नसतं.

नाही ऐकलं, तर चालत्या गाडीत वाद घालू नका. तुमच्याशी भांडणारा चालक व्हिडिओ बघणाऱ्यापेक्षा रस्त्याकडे जास्त बघत नाही. "पुढे उजेडात, माणसं आहेत तिथे थांबवा, मला एकाला भेटायचंय" म्हणून उतरा. मागे बसल्यापासून पट्टा लावलेला असू द्या, तो फक्त पुढच्यांसाठी नसतो. गाडीचा नंबर बसतानाच बघून ठेवायची सवय लावा. तक्रार उतरल्यावर, रस्त्यापासून दूर उभं राहून लिहा. चालत्या पायांनी नको, पायी चालणारेही धडकतात.